मरीमायचा कोंबडा आणि जगदेवची गरी

"काहो, ह्या कोंबड्याची मान कोनं भादरली?"

"मुंगसानं असंन."

"मुंगूस पिसं नेते अन् कोंबडा ठेवून जाते? मले येडी समजून राह्यले का?"

जगदेव नाल्यातल्या दगडावर उकिडवा बसलेला. वर बांधावर त्याची बायको प्रयागबाई, काखेत लाल कोंबडा.

किन्हीराजाकडच्या या नाल्यावर सारे गरीला गांडूळ लावतात. जगदेव लावत नाही. वेळूची लांब काडी, शेंड्याला बांधलेला दोरा आणि गरीवर गुंडाळलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस. ते पाण्याला टेकलं न टेकलं की उचलायचं. मासा किडा समजून झेपावतो. "गांडूळ लावनं म्हंजे खानावळ," तो म्हणतो, "हे म्हंजे फसवनं."

मध्ये त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पीस बांधणं सोडाच, चहात माशी पडली तरी प्रयागबाईनंच सांगावं. तेव्हा तिनं मरीमायला लाल कोंबड्याचा नवस बोलला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं. येत्या मंगळवारी नवस फेडायचा होता, आणि देवीला खोट असलेला कोंबडा चालत नाही.

"दिसाले लागलं म्हनून नवस, अन् त्याच डोयानं देवीचा कोंबडा उपटला!"

"चांगलं पीस हुडकाले चांगलेच डोये लागते ना."

ती हसली नाही. "उद्या डोये परत गेले त?"

जगदेवनं काडी खाली ठेवली. पिसं उपटताना हे त्याच्याही मनात आलं होतं. पण लाल पीस पाहून हात आवरला नव्हता.

"मानीवर हयद लावू. कोनाले दिसते?"

"देवीले दिसते. तिले मोतीबिंदू नाई झाला."

प्रयागबाई कोंबड्याच्या मानेवरून बोट फिरवत राहिली. कातडीतून नवे कोंब टोचत होते.

"येऊन राह्यले," ती म्हणाली. "दिवाईनंतर फेडू. तिले मी सांगतो. पन तवर याले हात लावला त?"

"नाई लावत."

"आन घ्या मरीमायची."

त्यानं घेतली. मग दोरा ओढून गरी तिच्यापुढं धरली. "हे एकच उरलं. याचं काय करू?"

"आता चिकटवता का ते? मारा मासे. संध्याकायी कालवनाले काई नाई."

कोंबडा घेऊन ती गेली. जगदेवनं सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. मागं करंजीची फांदी खाली आली होती. गरी तिच्यात अडकून हे पीसही गेलं तर दिवाळीपर्यंत गांडूळच. तो दोन दगड पुढं सरकला, फांदी पुन्हा एकदा नीट पाहून घेतली आणि काडी उचलली.