विहिरीपासून कडुनिंबापर्यंत

माझ्या वडिलांना, आण्णांना, व्हिडिओ कॉल असला तरी फोन कानाला लावायची सवय आहे. पलीकडून माझा मोठा भाऊ "आण्णा, तोंड दाखवा की" म्हणून ओरडत असतो आणि अमेरिकेत त्याच्या पडद्यावर एक कान, कानातले पांढरे केस आणि टोपीची कड एवढंच दिसत असतं. मग मी फोन ओढून घेते आणि समोर धरते. दर रविवारी हे एकदा तरी होतंच. मी धाराशिवला कॉलेजात शिकवते. रविवारी सकाळच्या एसटीनं जळकोटला उतरते आणि रानातल्या घरी जाते. आण्णांच्या खाण्यापिण्याचं बघायला जाते, असं मी लोकांना सांगते. खरं काम फोन धरायचं.

दादाला अमेरिकेला जाऊन बरीच वर्षं झाली, परत येणं काही जमलं नाही. कधी सुट्टी नसते, कधी कागदपत्रं अडकतात, कधी मुलांच्या शाळा असतात. आई गेली ती लॉकडाऊनमध्ये. विमानं बंद होती. तिचं शेवटचं सगळं त्यानं मी धरलेल्या फोनमधूनच पाहिलं. त्यानंतर आण्णांना या जगात एकच गोष्ट हवी आहे. त्यानं एकदा यावं. पण ते तोंडानं म्हणत नाहीत. म्हटलं आणि तो नाही आला तर काय, या धास्तीनं म्हणत नाहीत. त्यामुळे बोलायला विषय पुरत नाहीत. पाऊस झाला का, सोयाबीन कसं आहे, गुडघा कसा आहे, की संपलं.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "आण्णा, एक विचारायचं होतं. हरणाच्या शिकारीला पिस्तूल घ्यायचंय. लांबून मारायचं. कसलं घेऊ?"

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं हरणाला हात लावला तरी जेलची हवा खावी लागते. त्याच्याकडं म्हणे परवाना काढायचा, हंगामात जायचं, सगळं रीतसर. बरोबरचे लोक रायफल घेऊन जातात. त्यातले एकदोघं मुद्दाम पिस्तूल वापरतात, कारण ते जास्त अवघड. याला तेच करायचं होतं. "दुसरं काही सुचलं नाही का रे तुला?" मी म्हटलं. पण आण्णांनी मला हातानंच गप्प केलं. ते खाटेवर सरळ बसले होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं सरळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता गंमत अशी, की आण्णांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही. पीक राखायला आजोबांच्या वेळेपासूनची एक बारा बोअरची बंदूक घरात आहे. तिनं रानापेक्षा पोलीस ठाणंच जास्त पाहिलं, कारण दर निवडणुकीला ती तिथं जमा करावी लागते. ज्वारी हुरड्यात आली की काळविटांचा कळप उतरायचा, आणि आण्णा आभाळाकडं तोंड करून एक बार काढायचे. हरणं उड्या मारत पळायची. कळप दिसेनासा होईपर्यंत आण्णा बघत राहायचे आणि म्हणायचे, "काय जात हाय बघा, आयला!" पीक खाल्ल्याचा राग त्या आवाजात कुठं सापडायचा नाही. पण लहानपणी दादाला वाटायचं, आपला बाप तालुक्यातला मोठा नेमबाज. ते त्याच्या मनातून अजून गेलेलं नव्हतं, आणि आण्णांनीही ते घालवलं नाही.

पुढचे काही रविवार आमच्या घरी पिस्तुलाशिवाय दुसरं काही नव्हतं. दादानं दोन पसंत करून ठेवली होती. एक सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. दुसऱ्यात एका वेळी एकच गोळी, पण नळी चांगली लांब आणि वर दुर्बीण बसवलेली.

"एकच गोळीचं घे," आण्णा लगेच म्हणाले. "सहा असल्या की मानूस घाई करतंय. येक चुकली तर दुसरी हाय म्हनतंय. जनावर जखमी हून तसंच पळतंय मग, आन् कुठंतरी झुरून मरतंय. गोफणीत धोंडा किती घालतो आपण? येकच की."

गोफणीचं मला विचारायला हवं होतं. आमच्या घरात गोफण माझ्याइतकी नेमकी कुणालाच जमायची नाही, दादाला तर मुळीच नाही. पण या बैठकीत माझा हुद्दा फोनचा स्टँड एवढाच होता.

मग वजनाचा प्रश्न निघाला. लांब नळीचं दुर्बिणीसकट बरंच जड होतं. आण्णांनी पितळी तांब्या पाण्यानं भरायला लावला आणि उभं राहून हात लांब करून धरला. पाणी डुचमळायला लागलं, मग काठावरून त्यांच्या पायावर सांडायला लागलं. "बघितलं का?" ते फोनकडं बघून म्हणाले. "नुसत्या हातावर जमायचं न्हाय. टेकू लागतोय. झाडाला टेक, न्हायतर गुडघ्यावर हात ठेव." तिकडं दादानं पाण्याची बाटली धरून बघितली. दोघं बापलेक हात लांब करून उभे, मध्ये अख्खी पृथ्वी, आणि मी हसून हसून बेजार. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आईनं हे बघायला पाहिजे होतं.

आणि मग अंतराचा प्रश्न आला. दादा तिकडचं काहीतरी माप सांगत होता. आण्णांना ते कळेना. शेवटी दादा म्हणाला, "आपल्या विहिरीपासून कडुनिंबापर्यंत जेवढं आहे ना, तेवढं धरा."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

कडुनिंब राहिलाच नव्हता. हायवे रुंद झाला तेव्हा रानाची ती कड गेली आणि बरोबर कडुनिंबही. त्याच्या बुंध्याला पाठ टेकवून दादा पुस्तक वाचत बसायचा, त्याच्याच आडून आम्ही हरणं बघायचो. रस्त्याची मोजणी चालू असताना तो फोनवर म्हणाला होता, "काय जायचं ते जाऊ द्या, कडुनिंब तेवढा वाचवा." वाचला नाही. त्या दिवशी आई म्हणाली, "त्याला सांगू नगा. एवढ्या लांब बसून जिवाला लावून घील." म्हणून सांगितलं नाही. मग आई गेली, आणि तिनं नको म्हटलेलं सांगायचं तरी कसं? फोनवर बोलताना आण्णा कडब्याच्या गंजीकडं पाठ करून बसतात. मागे फक्त कडबा दिसतो. दादा मोबाइल फिरवायला सांगेल म्हणून मी आधीच म्हणते, रेंज जाते.

"मोजून सांगतो," आण्णा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, अंदाजानं काहीतरी सांगतील. पण आण्णांनी गोठ्यातले दोर काढून एकाला एक बांधले आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "जा कडुनिंबापतुर."

मी दोर घेऊन निघाले. बांध संपला, कच्चा रस्ता संपला, हायवेची कड आली. मी तिथं थांबले. मागून आण्णांचा आवाज आला, "आजून म्होरं! तिथं कुठं हुता कडुनिंब?" मी डांबरावर पाय ठेवला. हैदराबादकडं निघालेला एक ट्रक कानठळ्या बसवत गेला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून मला जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन लेन ओलांडून मी दुभाजकावर चढले. साडी खोचलेली, हातात दोर, बाजूला कण्हेरीची रोपं. माझा एखादा विद्यार्थी या वेळी इथून जाऊ नये एवढीच माझी प्रार्थना होती.

"आता बराबर!" आण्णा ओरडले. "थांब तिथंच. हलू नगं!"

ते विहिरीजवळ उभे होते. दोर कधीच संपून त्यांच्या हातातून सुटला होता, आणि तो परत ओढून मोजत बसण्याचं भान त्यांना राहिलं नव्हतं. कपाळावर आडवा हात धरून ते नुसते बघत होते. ते माझ्याकडं नाही, मी उभी होते त्या जागेकडं बघतायत, हे मला एवढ्या लांबूनही कळत होतं. रस्ता झाल्यापासून हरणं आमच्या बाजूला फारशी उतरत नाहीत. मधला लोखंडी कठडा त्यांना ओलांडवत नसावा. पूर्वी इथं उभं राहिलं की हरभऱ्यात त्यांच्या पाठी दिसायच्या. त्या दुभाजकावर उभी राहून मला माझा दादा, माझी आई, ती हरणं, सगळं इतकं हवंसं झालं की पाय उचलेना. आण्णांनीही मला परत ये म्हणून हाक मारली नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. आण्णांनी नेहमीप्रमाणे कानाला लावला, मी नेहमीप्रमाणे ओढून समोर धरला.

"मोजलं का आण्णा?"

"मोजलं. लई लांब न्हाय. तुला ल्हानपनी लांब वाटायचं. लांब नळीचं घे, टेकून मार, मिळंल."

"मग कडुनिंब दाखवा की एकदा."

"रेंज जाती—" मी सुरू केलं.

"राहू दे गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "नकाशात वरून घर दिसतं आपलं. मी रोज बघतो. झोपायच्या आधी बघतो. कडुनिंब केव्हाच गेला, मला माहीत आहे. तिथं रस्ता दिसतो. तुम्ही सांगत नाही म्हणून मी विचारलं नाही. आईनं तुम्हाला नको म्हटलं असणार, हेही कळलं होतं. म्हटलं, पिस्तुलाच्या निमित्तानं तरी कुणी सांगेल."

इतकी वर्षं आम्ही त्याच्यापासून झाड लपवत होतो आणि ते गेल्याचं माहीत आहे, हे तो आमच्यापासून लपवत होता.

आण्णा फोनच्या जवळ सरकले आणि म्हणाले, "म्या मोजलंच न्हाय. हिला हुबी केली दुभाजकावर आन् नुसता बघत बसलो. माप चुकंल माझं. तुझ्या डोळ्यानं बघायला ये तू. येकदा ये, बाबा."

पलीकडं दादानं कॅमेऱ्यावर हात धरला आणि पडदा काळा झाला. फोन चालू होता. तो काहीतरी बोलत होता, पण दबलेल्या, तुटक आवाजात. मला नीट ऐकू येईना.

आण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. आता तिकडं पुन्हा त्यांचा एक कान, पांढरे केस आणि टोपीची कड दिसत असणार. मी फोन ओढून घेतला नाही. ते ऐकत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "व्हय... व्हय बाबा... हाय मी, हाय."