लीलाधरभाऊंचा उतारा

सावद्याच्या भर बाजारात हनीफभाई जनरेटरवाले आमच्या लीलाधरभाऊंना "राम राम, याही" अशी हाक मारतात. नवख्या माणसाला हे नातं उलगडत नाही. याही म्हणजे व्याही, आणि या दोघांत सोयरीक होण्याचा कसलाही संभव नाही. तरी हनीफभाई हाक मारतात आणि लीलाधरभाऊ खाली मान घालून "राम राम" म्हणतात.

त्याचं मूळ भाऊंच्या पुतण्याच्या साखरपुड्यात आहे. मुलगी चोपड्याची. घरातले वडीलधारे म्हणून नव्या व्याह्यांना टॉवेल-टोपी देऊन गळाभेट घेण्याचा मान लीलाधरभाऊंकडे होता. भाऊ दुपारपासूनच रंगात होते. नाव पुकारलं तसे ते टॉवेल-टोपी घेऊन ऐटीत निघाले, व्यासपीठाच्या पायऱ्या त्यांना दिसल्या नाहीत, आणि मागच्या दाराने ते थेट बाहेर पडले. तिथे हनीफभाई जनरेटरमध्ये डिझेल ओतत होते. भाऊंनी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, कडकडून मिठी मारली आणि भरल्या गळ्याने सांगितलं की, तुमची पोरगी आमच्या घरी सुखात राहील. हनीफभाईंच्या एका हातात डिझेलचा कॅन होता आणि समोर गिऱ्हाईक होतं. ते म्हणाले, "इन्शाल्ला." तिकडे व्यासपीठावर चोपड्याचे खरे व्याही टोपीसाठी मान वाकवून उभे होते, ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

लीलाधर नेहेते हा माणूस तसा सरळ. बऱ्हाणपूर रस्त्याला लागून केळीचं शेत, बोलणं कमी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फळविक्री संस्थेत मी हिशेब बघतो, तिथे भाऊंच्या मालाबद्दल कधी तक्रार आली नाही. दिवस मावळला की मात्र भाऊंचे पाय आपोआप ढाब्याकडे वळत. आपण पितो असं ते कधी म्हणत नसत. "जरा बसून येतो," एवढंच म्हणत.

पुढे त्यांच्या मुलीचं, सारिकाचं, नशिराबादच्या जितेंद्रशी जमलं. सारिका शाळेत शिकवते. तिने वडिलांना समोर बसवून सांगितलं, "आबा, माझ्या वेळेला टोपी बरोबर डोक्यावर गेली पाहिजे. नाहीतर साखरपुडाच करायचा नाही." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून भाऊ जास्त घाबरले.

त्यांनी मनावर घेऊन प्रयत्न केला. तलफ आली की बडीशेप खायची असं ठरवलं. घरातली बडीशेप संपली. मग हरभरे, मग गूळ, मग बायकोने, यशोदाबाईंनी, पापडासाठी ठेवलेला ओवा. चार दिवस पोट बिघडलं आणि पाचव्या दिवशी पोट साफ करायला म्हणून ढाब्यावर गेले. शेवटी माझ्याकडे आले. जळगावचे एक मानसोपचारतज्ज्ञ माझ्या ओळखीचे होते. मी त्यांचं नाव सुचवलं.

भाऊंना एकच भीती होती. त्यांच्या एका साडूच्या बायकोने वरणातून गुपचूप कसलं तरी औषध दिलं होतं आणि साडू भर पंगतीत ओकले होते. तेव्हापासून भाऊ स्वतःच्या घरीही वरण आधी मांजराला देत. डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ते औषध वेगळं, हे वेगळं, आणि न सांगता तर कुठलंच द्यायचं नसतं. "दारू पोटात गेली की मेंदूत शाबासकीची घंटा वाजते. ही गोळी त्या घंटेला फडकं गुंडाळते. तलफ कमी होईल, मजाही कमी होईल. बाकीचं तुम्हालाच करायचं आहे."

त्यांनी यकृतासाठी रक्त तपासून घेतलं, दुखण्याच्या दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, आणि रोज पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, त्याने झटके येऊ शकतात, मी सांगेन तसं कमी करायचं, हे दोनदा बजावलं. भाऊंनी सगळं कबूल केलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, हे आपल्या चौघांतच राहू द्या. चौघं म्हणजे ते, यशोदाबाई, सारिका आणि मी. दारू पितो हे अख्ख्या सावद्याला माहीत होतं, त्याची त्यांना लाज नव्हती. औषध घेतो हे कळलं तर मात्र तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं त्यांना वाटे.

घोटाळा झाला तो एसटी स्टँडवर. पुढच्या तपासणीला आम्ही निघालो होतो, तर समोर झुलाल. हा झुलाल जमिनींच्या खरेदी-विक्रीत मधे असतो, आणि स्टँडवर कोण कुठे चाललं याची चौकशी हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे. त्याने विचारलं, "कुठी निघाले, भाऊ?"

भाऊंना खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायचं नव्हतं. त्यांनी विचार केला की विषावर असतो तो उतारा. "जयगावले," ते म्हणाले, "उतारा आनाले."

झुलालने दुसराच उतारा ऐकला. त्याच्या आयुष्यात उतारा एकच, सातबाऱ्याचा. त्याने लगेच हिशेब मांडला. आजकाल सातबारा मोबाइलवर मिळतो. तरी हा माणूस एसटीने जळगावला जातो, सोबत संस्थेचा हिशेबनीस घेतो, म्हणजे जुना, कोर्टात लागणारा उतारा असणार. म्हणजे जमीन विकायची आहे आणि वरून भाऊबंदकीचा वाद आहे. आमची गाडी फैजपूरला पोहोचायच्या आत ही बातमी सावद्यात सगळ्यांना कळली होती.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंना अचानक मित्र फुटले. रस्त्याला लागून असलेलं शेत कुणाला नको असतं? जो तो त्यांना ढाब्यावर न्यायला बघू लागला, कारण लीलाधर पाघळतो तो दुसऱ्या ग्लासानंतर, हे सर्वांना ठाऊक होतं. माणूस दारू कमी करायला निघाला तर गावाने फुकट पाजायला सुरुवात केली. काही दिवस भाऊंनी टाळलं. एकदा मात्र झुलालने फारच धरलं तेव्हा गेले. मला काळजी वाटली म्हणून मीही जाऊन बसलो.

पहिला ग्लास आला. भाऊंनी घोट घेतला आणि थांबले. घंटेला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला, झुलालच्या ग्लासाचा वास घेतला आणि ढाबेवाल्याला बोलावून विचारलं की आज पाणी जास्त झालं का. ढाबेवाल्याने शपथ घेतली. भाऊंनी आणखी एक घोट घेतला, मग ग्लास सरकवून ठेवला आणि शेवभाजी मन लावून जेवले. झुलाल जमिनीबद्दल बोलत राहिला. भाऊ म्हणाले, "भाजी बेस हाये."

बाहेर आल्यावर झुलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "लई पोचेल मानूस हाये. अर्धा ग्लास, अन् तोंडातून शब्द नाही. हा सस्त्यात देत नाही."

असं होता होता बातमी नशिराबादला गेली. जितेंद्रचे वडील प्रेमराजभाऊ आणि आई एका रविवारी सकाळी न कळवता सावद्यात हजर झाले. यशोदाबाईंनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तेव्हा प्रेमराजभाऊ केळीच्या भावाबद्दल बोलत होते, मग उन्हाळ्याबद्दल, मग पुन्हा केळीबद्दल. शेवटी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सातबाऱ्याचं काही चाललंय असं कानावर आलं. वाद असला तर आम्हाला आधी माहीत पाहिजे."

लीलाधरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. अडचण मला दिसत होती. जमिनीचा वाद आहे असं वाटू दिलं तर सोयरीक मोडणार, आणि खरं सांगितलं तर मुलीचा बाप दारुडा म्हणून मोडणार. स्वयंपाकघराच्या दारात सारिका बिस्किटांची बशी घेऊन उभी होती. तिने बशी टेबलावर ठेवली आणि तिथेच थांबली.

भाऊंनी खिशात हात घातला आणि गोळ्यांची पट्टी काढून बिस्किटांशेजारी ठेवली. "हा उतारा," ते म्हणाले.

प्रेमराजभाऊंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. त्यांना वाटलं पित्ताची आहे.

"दारूची हाये," भाऊ म्हणाले. "म्हंजे दारू कमी कराची. मांगच्या साखरपुड्यात मी जनरेटरवाल्याले याही केलं होतं. पोरीच्या वेळेले तुमची टोपी तुमच्याच डोक्यावर घालाची हाये, म्हनून खाऊन राह्यलो. वावर कुठी इकून नाही राह्यलो मी."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रेमराजभाऊंनी पट्टी ठेवून दिली. ती विहीणबाईंनी उचलली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला.

"डॉक्टर कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

"जयगावले."

"शनिवारी असतात का?"

प्रेमराजभाऊ एकाएकी छताच्या पंख्याकडे पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "मी कुठे रोज घेतो."

"मी तुमचं नाव कुठे घेतलं?" विहीणबाई म्हणाल्या, आणि पट्टीतल्या दोन गोळ्या कापून घ्यायला कात्री मागू लागल्या. तेव्हा सारिका मधे पडली. दुसऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या नसतात, आधी तपासणी करावी लागते, असं तिने शाळेतल्या आवाजात समजावलं. विहीणबाईंना सून त्याच क्षणी पसंत पडली असावी. साखरपुड्याची तारीख त्यांनी उठायच्या आधी पक्की केली.

पुढच्या शनिवारी जळगावच्या एसटीत दोन व्याही शेजारी बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. झुलालने त्यांना पाहिलं आणि आता नशिराबादचीही जमीन निघाली असं गावाला सांगितलं. पण तोवर यशोदाबाईंनीच शेजारणींना खरं सांगून टाकलं होतं, कारण नवरा जमीन विकतो यापेक्षा नवरा सुधारतो हे सांगण्यात त्यांना जास्त गोडी होती. भाऊंना वाटलं होतं तसं कुणी हसलं नाही. उलट काहीजण अंधार पडल्यावर त्यांच्या ओट्यावर येऊन आधी पाऊसपाण्याचं बोलत आणि मग आवाज उतरवून विचारत, "भाऊ, तो उतारा कुठी भेटतो?"

भाऊ पूर्ण सुटले असं मी म्हणणार नाही. एका लग्नात घसरले, डॉक्टरांकडे जाऊन स्वतःच सांगून आले, पुन्हा सुरुवात केली. पण ढाब्याकडे जाणारे पाय आता अधूनमधून आमच्या ओट्याकडे वळतात आणि माझी बडीशेप संपते.

साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी थेंबही घेतला नव्हता. नाव पुकारल्यावर ते उठले, व्यासपीठाच्या पायऱ्या एकेक बघून चढले आणि मान वाकवून उभ्या असलेल्या प्रेमराजभाऊंसमोर थांबले. खात्री असावी म्हणून माइकवर विचारलं, "तुमी प्रेमराजभाऊच ना?" हो म्हणाल्यावरच टोपी घातली. सारिका हसत होती आणि डोळे पुसत होती.

सगळे टाळ्या वाजवत असताना भाऊंनी कोटाच्या खिशातून दुसरी टॉवेल-टोपी काढली आणि मागच्या दाराकडे निघाले. यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले. निम्मा मांडव त्यांच्या मागे गेला. जनरेटरपाशी हनीफभाई डिझेलचा कॅन घेऊन उभे होते. भाऊंना पाहून त्यांनी कॅन खाली ठेवला आणि न सांगता मान वाकवली.

"मांगच्या टाइमाले चुकून देली होती," भाऊ म्हणाले. "आज शुद्धीत देतो, याही."

मिठी बरीच लांबली. त्या नादात डिझेल ओतायचं राहिलं, जनरेटर धाप टाकत थांबला, आणि आत आभार मानणाऱ्या गुरुजींचा माइक अर्ध्या वाक्यात बंद पडला.