न्हाणीमागची वेल

“आधी तोंडात घाल, मंग बोल.”

हुलसूरजवळच्या त्या मळ्यात कोणीही येवो, औषधाच्या दुकानाचा माणूस, लग्नाची पत्रिका वाटत फिरणारा पाहुणा किंवा माझ्यासारखा नोकरीवाला, अक्का आधी त्याच्या तळहातावर द्राक्षाचे मणी ठेवायच्या. हंगाम नसला तर घरचे मनुके. समोरचा चावत असताना त्याच्या जबड्याकडे टक लावून बघायच्या. गिळून झालं की मगच, “हं, बोल आता. कामून आलास?” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती पाहुणचार करतात की परीक्षा घेतात, ते शेवटपर्यंत कळत नाही.

माझी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. हातावर आलेले मणी मांडवातले नव्हते, न्हाणीच्या मागं वाढलेल्या एका वेलीचे होते. जाड साल, आत बिया, आधी आंबट आणि मग अत्तर सांडल्यासारखा वास. बी कुठं थुंकावं म्हणून मी इकडंतिकडं बघायला लागलो.

“थुंक की न्हाणीमागं. ती बी तशीच आलीय जन्माला.”

अक्कांच्या सासऱ्यांच्या काळात या मळ्यात अनाबशाही या जुन्या, बियांच्या वाणाच्या वेली होत्या, बांधापलीकडं कोणाची तरी काळी द्राक्षं होती. आल्यागेल्यानं खाल्लं, थुंकलं, त्यातलं एक बी रुजलं. न्हाणीचं पाणी पिऊन वेल पत्र्यावर चढली. पुढं अनाबशाही गेली, बिनबियांची द्राक्षं आली, अक्कांचा मुलगा हाताशी आला. वेल तिथंच राहिली.

माझं काम सांगतो. मी औराद तालुक्यातला. आजोबांनी मेंढरं राखली, वडील दुसऱ्याच्या रानात राबले, आणि आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा मी आणला. हे मी कुठंही सांगतो, सांगायला लाजत नाही. गुलबर्ग्याच्या एका द्राक्ष प्रकल्पात मी बर्फाची पेटी घेऊन मळ्यामळ्यातून पानं गोळा करायचो. पानातून डीएनए काढायचा, तो माहीत असलेल्या वाणांशी ताडून बघायचा आणि कोणत्या वेलीत रोगाला अडवणारा गुण आहे ते शोधायचं. एकदा तो गुण कुठं बसलाय ते सापडलं की पुढच्या रोपांचं एक पान तपासून सांगता येतं, हे ठेवा, हे उपटा. फळ धरेपर्यंत वर्षं घालवायला नको.

अक्कांनी माझं नाव ठेवलं ‘पानचोर’. मी आलो की मांडवाखालून ओरडायच्या, “आला बघा पानचोर! शेळ्या बांधून ठेवा, एकाच गावात दोन-दोन कशाला!”

त्यांना हे काम समजावून देताना मी म्हणालो, “अक्का, पानावरून वेलीचे आईबाप कळतात.”

“बाप बी कळतो?”

“कळतो.”

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “मंग बाबा, ते मशीन तिकडं गुलबर्ग्यालाच ऱ्हाऊ दे. आमच्या गावात आणू नको.”

पण त्या वेलीपाशी आल्यावर त्यांची थट्टा थांबायची. मागं एका वर्षी फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागून राहिला होता आणि सगळ्या मळ्यावर केवडा रोग पडला. पानांवर तेलाचे डाग, खाली पांढरी बुरशी, घड जागेवर वाळले. फवारण्या करून मुलाचे हात सोलले. न्हाणीमागच्या वेलीला एक थेंब औषध नव्हतं आणि तिचं एक पान पिवळं पडलं नाही. अक्कांनी हे घरात सांगितलं, गावात सांगितलं, औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं. सगळे हसले. मुलगा तर म्हणायचा, “साबणाचं पाणी पिऊन माजलीय ती. तिला कशाचा रोग व्हतोय!”

मुलगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. कष्टाळू, हिशेबी, बोलायला जरा तिखट. मळ्याच्या ठिबकला पाण्याची टाकी बांधायची होती आणि चढाची जागा तेवढी न्हाणीचीच होती. न्हाणी पाडायची म्हणजे वेल जाणार. माझ्यासमोरच तो आईला म्हणाला, “ह्यांचा रिपोर्ट येऊ दे. काय निघालं तर ठेवू तुझी वेल. न्हाई निघालं तर मी गवंडी बोलावणार, मंग मधी पडायचं न्हाई.”

“न्हाई पडत,” अक्का म्हणाल्या. “पर निघालं तर चारचौघात म्हणायचं, आई खरं बोलायली व्हती.”

असा तो करार झाला. वेलीचा जीव आणि अक्कांचा शब्द, दोन्ही माझ्या पेटीत बसले.

नमुन्याला पान लागतं ते शेंड्याचं, नुकतं उघडलेलं, नखाएवढं. फळाचे दिवस असल्यानं वेलीवर तशी कोवळी पानं मोजकीच होती. मी ती खुडली, पुडीत घातली, पेटीत ठेवली आणि अक्कांच्या आग्रहावरून भाकरी खायला बसलो. जेवून निघालो. गुलबर्ग्याला प्रयोगशाळेत आमच्या प्रमुख मॅडमनी पुडी उघडली. मॅडम धारवाडकडच्या, मराठी समजायचं पण चकित झाल्या की कन्नडच यायचं.

“इदेनप्पा?” त्या म्हणाल्या. हे काय बाबा?

पुडीत तळहाताएवढी, जुनी, जाड पानं होती. स्वच्छ धुतलेली. प्रत्येकाला हळद लावलेली, देठापाशी कुंकवाचं बोट.

मी फोन लावला. अक्का शांत होत्या. “तू खुडलेली ती काय पानं व्हती व्हय? लेकराच्या कानाएवढी. परगावी जायली वेल, चार शिकलेली माणसं बघणार. असं उघडंबोडकं कसं पाठवू? चांगली बघून दिली.”

“आणि मी खुडलेली?”

“शेळीला घातली.”

जुन्या पानातून डीएनए आधीच नीट निघत नाही, त्यात हळद. तरी मॅडमनी प्रयत्न केला. त्या नमुन्यातून वाचण्यासारखं काहीच आलं नाही. शेळीनं कोवळे शेंडे संपवले होते आणि नवीन फूट एप्रिलच्या खरड छाटणीशिवाय येणार नव्हती.

मी हे सांगायला गेलो तेव्हा मुलगा घड तोडणाऱ्या बायांच्या घोळक्यात उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. “ऐकलीस का आई? गुलबर्ग्याच्या मशीनमधी घालून बघितले, तुझ्या वेलीत कायच निघालं न्हाई.”

बाया हसल्या. अक्कांच्या हातातली कात्री थांबली नाही, पण त्यांनी कापलेला घड पाटीत न टाकता नुसता हातात धरला.

“नमुना नापास झालाय,” मी म्हणालो. “वेल नाही. परीक्षेला कोणी दुसराच बसला तर निकाल कसा लागेल?”

“दुसरं कोण बसवलं?” मुलानं विचारलं.

“मी,” अक्का म्हणाल्या. “नटवून.”

आता हसणाऱ्यांत तोही होता. करार एका छाटणीपुरता लांबला.

त्या एप्रिलमध्ये अक्कांनी न्हाणीमागची वेल स्वतः छाटली, मजुराला कात्री लावू दिली नाही. फूट आल्यावर मला निरोप पाठवला. मी पानं खुडत होतो तेवढा वेळ त्या लांब बाजेवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “हातांचा भरवसा न्हाई रे. पुन्यांदा काय तरी लावतील.” शेळी त्या दिवशी बांधून ठेवलेली होती.

निकाल पावसाळ्यात आला. मॅडम स्वतः आल्या, त्यांनीही आधी मनुके खाल्ले, मग बोलल्या. वेलीची आई अनाबशाही, हे अपेक्षित होतं. बाप निघाला बंगलोर ब्लू, म्हणजे ती बांधापलीकडची काळी द्राक्षं. आणि बापाकडून केवडा अडवणारा गुण वेलीत उतरला होता, तो पुराव्यानं दिसत होता.

अक्कांनी मान वळवून बांधाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “बांध ओलांडून आला म्हणायचा.”

मॅडमनी पुढचंही खरं ते सांगितलं. हे द्राक्ष बाजारात चालणार नाही. साल जाड, बिया, वास जास्त. पण गोड, बिनबियांच्या वाणाशी हिचा संकर केला तर येणाऱ्या रोपांतून गोडही आणि निरोगीही अशी निवडता येतील. वेळ लागेल. काही निघणारही नाही कदाचित.

“म्हंजे ही खायची न्हाई, हिची लेकरं खायची,” अक्का म्हणाल्या. “मंग मुलगी न बघता घराणं बघून सोयरीक करायलाव तुमी. आमच्यात बी तेच करतेत.”

मुलगा ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “मशीन म्हणतंय, आई. मी डोळ्यानं बघितलो तर म्हणीन.” आणि उठून पंप चालू करायला गेला.

मला राग आला. अक्कांना आला नाही. “बरोबर बोलतोय,” त्या म्हणाल्या. “माझाच हाय तो.”

पुढच्या छाटणीला आम्ही काड्या नेल्या आणि गुलबर्ग्याजवळच्या आमच्या रोपवाटिकेत लावल्या. दुसऱ्या वाणांच्या ओळींमध्ये एक ओळ हिची. फवारणी कोणालाच नाही, बघायचंच ते होतं. टाकीचं काम मुलानं स्वतःहून पुढं ढकललं होतं, का ते कोणाला सांगितलं नाही. पाऊस चांगला मुरला तेव्हा मी त्या दोघांना बोलावून घेतलं.

अक्का पहिल्यांदाच कुठल्या रोपवाटिकेत आल्या होत्या. चपला बाहेर काढून, अनवाणी, ओळीतून चालत गेल्या. आजूबाजूची रोपं डागाळली होती, पानं पिवळी पडून गळत होती. आपल्या ओळीपाशी येऊन त्यांनी एक पान उलटं केलं, अंगठ्यानं खालची बाजू घासली, अंगठा पाहिला. दुसरं पान उलटं केलं. मग बाजूच्या ओळीतलं एक पान उलटून तसाच अंगठा फिरवला आणि पांढरा झालेला अंगठा मुलाच्या सदऱ्याला पुसला.

“बघितलास?”

“बघितलो.”

“मंग बोल की.”

मी, मॅडम, तण काढणारे मजूर, सगळे आसपास होतो. मुलगा खाली बघत म्हणाला, “आई खरं बोलायली व्हती.”

“मोठ्यानं.”

त्यानं मोठ्यानं म्हटलं. मजूर कन्नड बोलणारे होते, त्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ते हसले. अक्का चपला घालून जीपमध्ये जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर त्या झोपल्या, असं मुलानं मला नंतर सांगितलं.

मी त्यांच्या मळ्यात शेवटचा गेलो तो पुढच्या एप्रिलमध्ये. आणखी काड्या हव्या होत्या. अंगणात वाळू पडलेली, गवंडी दोरी ताणत होता आणि अक्का हातकरवत घेऊन वेलीच्या बुडापाशी बसल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत मुलगाच म्हणाला, “आवो, तुमी सांगा तिला. टाकी मी तिकडं खालच्या अंगाला बांधतो म्हणायलो. ऱ्हाऊ दे वेल.”

“कामून?” अक्का म्हणाल्या. “खालनं पाणी चढतंय का? मळ्याला पाणी नको का तुझ्या?”

“एवढी वर्षं जपलीस...”

“तवा तुला पटत नव्हतं.”

त्यांनी मला हाक मारली, “पानचोर, ये. तुझ्या काड्या आधी घे.” मी हव्या तेवढ्या काड्या घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. मग त्यांनी करवत चालवली. खोड मनगटापेक्षा जाड होतं, मध्येच त्यांनी मुलाला करवतीचं दुसरं टोक धरायला लावलं. पत्र्यावरची वेल एकदम सैल पडली आणि कापलेल्या बुडातून स्वच्छ पाणी ठिबकायला लागलं. वेल आदल्या दिवशीच भिजवलेली असणार.

अक्कांनी ते थोडा वेळ पाहिलं. बोटावर घेऊन चाखलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, साडीला लागलेला भुसा झटकला आणि गवंड्याला म्हणाल्या, “हितून माप धर. भिंत जाड घे, फुटायची न्हाई अशी.”