प्रोफोंदर

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. दुसरीत शाळा सुटली, पण भालकी तालुक्यात मी खणलेल्या विहिरी आजही पाणी देतात. खोली आम्ही परसात मोजायचो. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस.

नात बीदरच्या कॉलेजात फ्रेंच शिकत होती. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. एका शब्दाचा अर्थ आणि वापर सांगायचा. आमच्या शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून ती घोकत होती.

"आबा, प्रोफोंदर म्हंजे खोली."

"कशाची? हिरीची?"

"व्हय. जखमेचीबी. इचाराचीबी."

"मंग ह्यो शब्द तुझ्या बापाला कुठं लावायचा?"

ती खदखदून हसली. बाप, म्हणजे माझा मुलगा, मागेच उभा होता. त्याने ऐकलं.

"उद्या पाव्हणे बघायला यायलेत. परीक्षा-बिरीक्षा न्हाई."

"मी जाणार," नात म्हणाली.

त्याने तिला अशी चपराक मारली की ओठ फुटला. वही टराटरा फाडून विहिरीत फेकली.

मी त्याची मान धरली आणि त्याला कठड्यावर आडवा पाडला. त्याने लाथ घातली. माझी बरगडी कडकन वाजली. मी सोडलं नाही. त्याचं डोकं दगडावर दोनदा आपटलं आणि विहिरीवर लोंबतं धरलं. रक्त खाली ठिबकत होतं.

"सांग, किती खोल हाय?"

"अप्पा, सोडा!"

"किती परस?"

"ठावं न्हाई!"

"अकरा. म्या खणलीय. इतकी वर्सं पाणी पितोस, कधी इचारलंस?"

"आबा, मरंल की त्यो!" नात माझ्या हाताला लोंबकळली. खरं सांगतो, ती ओरडली नसती तर मी त्याला जिवंत सोडला नसता. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

मी मागे ओढल्यावर मुलगा उठला, रक्त थुंकला. "उद्या ही भायेर पडू द्या, दोघांच्याबी तंगड्या तोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला फडकं बांधून तो उंबऱ्यावर काठी घेऊन बसला होता. मी बरगड्यांवर धोतर आवळलं, खांद्यावर पहार घेतली, नातीला मागे ठेवलं आणि सरळ उंबऱ्याकडे चालत गेलो. त्याने काठी उचलली. मी थांबलो नाही. शेवटी त्यानेच पाय आखडून घेतले.

बीदरच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "अज्जा, पहार कशाला?"

"नातीची परीक्षा हाय," मी म्हणालो, आणि दोन तिकिटं घेतली.