डिकीवाली की बिनडिकीची

जगातल्या काळज्या कुणी फुकट वाटायला बसलं असतं, तर माझे भावजी रांगेत दोनदा उभे राहिले असते, आणि आपल्या वाट्याला कमी तर आल्या नाहीत ना, ही काळजी करत घरी आले असते. बेळ्ळंदूरला माझ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले की ते आतल्या माणसांकडे बघून वजनांची बेरीज करतात. पाटीवरचा आकडा जवळ आला की "तुम्ही व्हा पुढे, मला स्वल्प चालायचंच होतं," असं म्हणून नऊ मजले चढून येतात. दुपारी चारचं विमान असेल तर सकाळी नऊलाच देवनहळ्ळीच्या विमानतळावर जाऊन बसतात. गॅस बंद केला की नाही, हे बघायला एकदा ते भर लग्नातून उठून घरी गेले होते. लग्न त्यांच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

आणि असा हा माणूस रॅलीच्या गाडीत बसतो. गाडी चालवते त्यांची बायको, माझी अक्का, कच्च्या रस्त्यावरून, भरधाव. भावजी तिच्या शेजारी वही घेऊन बसतात आणि पुढचं वळण डावं की उजवं, किती अवघड, ते वाचून दाखवतात. इतकी भीती वाटते तर बसता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "दुसऱ्या कुणी चुकीचं वाचलं तर?" ते म्हणाले.

यंदा जुनी गाडी निकालात निघाली. नवी बांधणार भावजीच, कारण बोम्मसंद्र्यात त्यांचा पत्र्याच्या कामाचा छोटा कारखाना आहे. प्रश्न फक्त बॉडीचा होता: मागे डिकी असलेली लांब सेडान, की बिनडिकीची आखूड हॅचबॅक? अक्काला सेडान हवी होती, कारण लांब गाडी वेगात सरळ राहते. तिचे रॅलीतले दोस्त म्हणत होते हॅचबॅक घ्या, हलकी असते, वळणाला चपळ. भावजींचं तिसरंच. गाडी उलटली आणि बाजूची दारं दबून बसली, तर अक्काला बाहेर कुठून काढायचं? हॅचबॅकला निदान मागचं दार असतं. सेडानला सीटच्या मागे नुसता पत्रा.

हे सिद्ध करायला त्यांना अक्काएवढं वजन हवं होतं. अर्जात भरायचंय अशी थाप मारून त्यांनी तिला वजन विचारलं. अक्काने छप्पन्न सांगितलं. भावजींनी अठरा वर्षांच्या संसाराच्या अनुभवाने त्यात चार मिळवले, साठ किलो तांदूळ गोणपाटात शिवला आणि जुन्या गाड्यांच्या दुकानांतून हिंडायला लागले. पोतं ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं, त्याला पट्टा लावायचा, आपण शेजारी बसायचं, आणि मग पट्टा सोडून पोतं मागच्या दाराने बाहेर ओढायचं. घड्याळ धरायला मी. एका दुकानदाराने दहा मिनिटं हा प्रकार बघितला आणि अदबीने म्हणाला, "सार, तांदूळच न्यायचा असेल तर टेम्पो बघा की." मला हसू आवरेना. भावजींच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत नव्हते.

असे सहा महिने गेले. शनिवारी अर्जाची मुदत संपत होती, अर्जात बॉडीचा प्रकार लिहायचा होता, आणि ही रॅली हुकली तर अक्काचं सबंध वर्ष वाया जाणार होतं. अखेर शुक्रवारी एका मित्राच्या दोन तयार गाड्या मागून आम्ही देवनहळ्ळीच्या पलीकडे गेलो. तिथे शेतांचे प्लॉट पाडलेत. तांबड्या मातीचे रस्ते आहेत, घर एकही नाही. आधी हॅचबॅक, मग सेडान, दोघांनी त्याच रस्त्याने पळवली. मी एका कुंपणाच्या दगडाला धरून उभा होतो. धुरळ्यात गाडी दिसेनाशी झाली की मी त्या दगडावर चढून बघायचो.

भावजी उतरले, गाडीच्या टपावर अर्ज ठेवला आणि त्यात सेडान लिहिलं. मी भडकलोच. "सहा महिने मला पोत्यामागे नाचवलंत ते कशाला? उद्या दारं दबली तर तिला कुठून काढणार?"

अक्का लांब पाणी पीत उभी होती. भावजी हळू आवाजात म्हणाले, "हॅचबॅकमध्ये ती एक शब्द बोलली नाही रे. नुसती स्टिअरिंग आवळून बसली होती. सेडानमध्ये चढल्यापासून मला बोलणी बसताहेत. अहो, वही सरळ धरा, अहो, स्वल्प मोठ्याने वाचा, दुपारी जेवला नाहीत का. तुझी अक्का घाबरली की गप्प होते. तुला माहीतच असेल की."

"मग आता?"

"आता काय? ती न घाबरता चालवेल. मी नीट वाचेन," असं म्हणून त्यांनी अर्जाची घडी खिशात घातली.

अक्का घाबरली की गप्प होते, हे मला माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा अक्का वीस वर्षांची होती आणि मी नऊ. मला न्हाऊ घालायची, डबा भरून शाळेत सोडायची, पण कितीतरी दिवस कुणाशी चकार शब्द बोलली नाही. घरात सगळे म्हणाले, पोरगी मोठी धीराची आहे. मीही आजवर तसंच समजत होतो.