पाट्याची तलवार

माझ्या साडूने मला फसवलं. आळेफाट्याला, लोहाराच्या दुकानात, माझ्याच पिकअपमधून येऊन आणि मी पाजलेला चहा पिऊन.

आम्ही दोघं जुन्नरला एकाच वस्तादांकडे तलवार शिकतो. जुन्या काळातल्या धोपेसारखी सरळ पात्याची, पण बिनधारेची आणि गोल टोकाची सरावाची तलवार. गडाखालच्या मिरवणुकीत वस्तादांसमोर पहिला सामना आमच्यापैकी एकाने खेळायचा होता. वस्ताद म्हणाले, "दोघांचाबी हात तयार हाय. आता आपापली तलवार आना. जिचं पातं आन मूठ टिकंल, त्यो माझ्यासमोर."

ती जागा मला हवी होती. साडू माझ्यानंतर शिकायला आला. तोही माझ्या बायकोने तिच्या थोरल्या बहिणीला माझे फोटो पाठवले म्हणून. त्याला सगळं असंच आयतं मिळतं. आंबेगावात वडिलांची बागायत, रस्त्याला लागून द्राक्षबाग, सासरवाडीला पहिलं ताट. मी नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे क्रेट उचलत वर आलो. आज तिथे माझा स्वतःचा गाळा आहे. तरी मी दारात उभा राहिलो की सासरे माझ्या मागे बघतात आणि विचारतात, "थोरले जावई न्हाई आले?"

लोहाराकडे भिंतीला दोन तलवारी टांगलेल्या होत्या. एक चकचकीत, पितळी मुठीची, लाल गोंडा लावलेली. दुसरी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून केलेली, काळपट, अंगावर घासल्याच्या रेघा. मी काळी उचलली. मुठीच्या जरा पुढे बोटावर धरली, तर आडवी स्थिर राहिली. टोक जमिनीला टेकवून दाबलं, तर पातं वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. मूठ जराही खुळखुळली नाही. तिथल्या तिथे मला कळलं, हीच. आणि कळलं म्हणूनच मी ती खाली ठेवली.

आमच्या मार्केटात माल असाच घेतात. जो हवा त्याला नावं ठेवायची, नको त्याचं कौतुक करायचं, एक चक्कर मारायची आणि मग उपकार केल्यासारखं हवा त्याच्याकडे परत यायचं. एकजण असं करत असताना दुसऱ्याने त्या मालाला हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गाळ्यावर बसणारा प्रत्येकजण पाळतो.

"काय भाऊ," मी लोहाराला म्हणालो, "कोयता करायला घेतला आन तलवार झाली काय? ह्यानं ऊस तोडायचा का?"

लोहार हसला. असली गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली असणार. "मग ती घ्या की गोंड्याची."

"ती खरी तलवार. मूठ बघा राव तिची."

ती हातात घेऊन मी उजेडाकडे वळलो, तेवढ्यात मागून साडूचा आवाज आला.

"साडूभाऊ, तुमाला ही न्हाई ना आवडली?"

काळी त्याच्या हातात होती. आवडली म्हणावं, तर लोहारासमोर खोटा ठरतो आणि भाव चढतो. मी म्हणालो, "बघू की अजून. घाई काय हाय?"

"आमाला कुटं एवढं कळतंय? घेतो मी. तलवारीचं न्हाई जमलं तर ऊस तोडू."

आणि लोहाराने मागितलं तेवढं देऊन मोकळा झाला. एका शब्दाची घासाघीस नाही. मग लोहार माझ्याकडे वळला. "आन पावणं, तुमची खरी तलवार बांधू ना?"

एवढं कौतुक केल्यावर नाही कसं म्हणणार? बांधून घेतली.

सरावाला पहिल्याच दिवशी दोन-चार वार झाले आणि पातं मुठीत फिरायला लागलं. वस्तादांनी हात वर करून खेळ थांबवला. "ही भिंतीवर लावा, शोभंल," ते म्हणाले. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने साडू.

मिरवणुकीत गर्दी पुढे येऊ नये म्हणून मी दोर धरून उभा होतो. समोर वस्ताद आणि साडू. प्रत्येक वाराला ते काळं पातं वाकत होतं आणि सरळ होत होतं. त्याच्याआधी ते माझ्या हातात वाकलं होतं. बायकोने सगळं मोबाइलवर घेतलं. घरी जेवताना पुन्हा लावून म्हणाली, "दाजी लई झ्याक खेळले, न्हाई?" मी ताटावरून उठलो.

लोक मलाच सांगतात, नावं तू ठेवलीस, त्याने घेतली, त्याचं काय चुकलं? नावं मी ठेवली, कबूल. पण हा माणूस कित्येक वर्षं त्याचे टोमॅटो माझ्या गाळ्यावर आणतो आणि माझ्या शेजारी बसून मला भाव पाडताना बघतो. एकदा मी असाच एका मालाला नावं ठेवत होतो, तेव्हा कुणीतरी त्या क्रेटमध्ये हात घातला. ह्यानेच त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं होतं. "थांबा वो, आमच्या साडूचं चाललंय." त्या दिवशी त्याला सगळं कळत होतं. आळेफाट्यालाच कसं कळलं नाही?

म्हणून त्याने सासऱ्यांच्या ओट्यावर, दोन्ही बहिणींसमोर बसून एवढंच सांगावं. ती तलवार मला हवी होती, हे त्याला माहीत होतं की नव्हतं? 'तुमीच नावं ठेवली व्हती' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.