लुपे आंटीने मला दाराबाहेर ठेवलं ती संध्याकाळ

दोन वर्षं मी एका बाईच्या घरात राहिले आणि त्यातले कित्येक महिने ती मला फसवणार याची वाट बघत होते.

काल ती गेली.

लुपे आंटी. मेक्सिकोतल्या पुएब्लाची. सिडनीत वेंटवर्थव्हिलला घर, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, मागची खोली स्टुडंटला भाड्याने.

तेव्हा इकडे आपल्या पोरापोरींचा नुसता लोंढा होता. कुकरीवाले, हेअरड्रेसिंगवाले, माझ्यासारखे अकाउंटिंगवाले. एकेका युनिटमध्ये आठ-आठ जण.

माझी पहिली खोली आपल्याच एका दादाने दिली होती. "अगं, घरच्यासारखं राहा."

एका arvo ला, म्हणजे दुपारी, युनीतून आले तर माझी बॅग फुटपाथवर. त्याला जास्त भाडं देणारं कोणीतरी मिळालं होतं.

त्यामुळे लुपे आंटी "बॉण्ड नको, ये राहायला" म्हणाली, म्हणजे डिपॉझिटसुद्धा नको, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

आई पुण्याहून फोनवर, "बॉण्ड नको? काहीतरी काळंबेरं असणार बघ. झोपताना दाराला खुर्ची लावत जा."

लावली. रोज.

ती हसली की मला वाटायचं, का हसली? माझ्यासाठी जेवण झाकून ठेवलं की वाटायचं, आता भाडं वाढवणार ही.

मग डिसेंबर आला.

एका सकाळी बघते तर बाई मक्याच्या दाण्यांच्या पातेल्यात पांढरी पावडर टाकतेय.

"आंटी, व्हॉट इज धिस?"

तिने पुडी दाखवली. आपल्या मेन स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानातली. चुना! पानाला लावतात तो!

म्हटलं, झालं. आता विष घालून मारणार.

"आमच्याकडे मका असाच शिजवतात," ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून. ते आले, त्यांनी आमचे देव बदलले, डिसेंबरचा सण बदलला. मका काही त्यांना बदलता आला नाही."

तो मका धुवायचा, वाटायचा, कणसाच्या वाळक्या सालीत गुंडाळून वाफवायचा. हे त्यांचे ख्रिसमसचे तामालेस. आपल्या पातोळ्यांच्या नात्यातलंच काहीतरी. त्यात डुकराची चरबी असते हे मी नेटवर वाचून ठेवलं होतं. तिने माझे वेगळे केले. तेलातले, आत राजमा, वरून दोरा बांधून खूण.

मी तरी वास घेऊन बघितला. तिने ते पाहिलं.

त्याच आठवड्यात ती संध्याकाळ.

मी शिफ्टवरून आले. उन्हाळा, त्यामुळे बाहेर अजून लख्ख उजेड. घरासमोर ही गर्दी! एवढ्या उजेडात हातात मेणबत्त्या, आणि सगळे गातायत. कोणीतरी माझ्याही हातात एक मेणबत्ती कोंबली. "कम, कम!"

दार बंद.

बाहेरचे गाऊन विनवण्या करतायत, आणि आतून लुपे आंटीचा चढा आवाज. मला स्पॅनिश कुठलं यायला? पण तो "नो" बरोबर कळत होता.

बाजूला उभ्या एका मेक्सिकन काकांना विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"जागा नाही म्हणतेय. चालते व्हा. काय सांगावं, चोर असाल."



पुन्हा तेच. पुन्हा फुटपाथ. पासपोर्ट आत, बॅग आत, सगळं आत.

मेणबत्ती टाकली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. चक्क मराठीत! "आंटी, माझी बॅग द्या! भाडं दिलंय मी! असं कसं काढता तुम्ही मला?"

गाणं थांबलं. दार उघडलं. एप्रनला पीठ लागलेली लुपे आंटी माझ्याकडे बघतच राहिली. मी हमसून हमसून रडत होते.

मग कळलं. याला पोसादा म्हणतात. ख्रिसमसच्या आधीचे नऊ दिवस चालतं. मेरी आणि जोसेफ आसरा मागत दारोदार फिरले, त्याची आठवण. बाहेरच्यांनी जागा मागायची, आतल्यांनी संशय घ्यायचा, नाही म्हणायचं, आणि शेवटी दार उघडायचं.

उघडायचंच असतं. मी तेवढीही थांबले नाही.

"मिहा," ती मला जवळ घेत म्हणाली. मिहा म्हणजे पोरी. "हे सगळं खेळातलं गं. तू तर इथेच राहतेस."

पुढच्या वर्षी तिने मला आतल्या बाजूला उभं केलं. "तू नाही म्हण. तुला संशय घ्यायला छान जमतं."

मग माझा जॉब, पर्मनंट रेसिडेन्सी, लग्न, कॅसल हिलचं घर. तरी जाणंयेणं होतं. मध्यंतरी एकदा न राहवून विचारलंच.

"आंटी, माझ्यावर एवढा विश्वास कसा काय बसला गं तुझा?"

"विश्वास? कुठला विश्वास!" ती म्हणाली. "कितीतरी महिने मी माझे सोन्याचे कानातले बीन्सच्या डब्यात लपवले होते. तू कामाला गेलीस की तुझी खोली बघून यायचे. दाराला खुर्ची लावून झोपणारी मुलगी! मला वाटायचं, करते काय ही आत?"

मी उडालेच. "मग ठेवलंस कशाला मला?"

"अगं, विश्वास बसेपर्यंत तू झोपली कुठे असतीस?"



आमच्या घरात एक खोली रिकामी आहे. नाशिकची एक मुलगी कधीची मेसेज करतेय. इथे युनीत आहे, राहायला जागा नाही. आणि मी तिला टोलवत होते. इथे कोण ओळखीचं? आधीचं घर का सोडलं? घरी कोण कोण असतं?

आज सकाळी तिला फोन केला. म्हटलं, ये.

माझा संशय गेलाय असं समजू नका हं. दुपारी आमच्या बेडरूमला नवीन कुलूप बसवून घेतलं. नवरा अजून हसतोय.

ती शनिवारी सामान घेऊन येतेय.

लुपे आंटी, भरल्या डोळ्यांनी निरोप. सुखाने जा.